आबांचे चार पत्ते: घरातला मृत्यू मुलांना कसा सांगावा

माझे वडील गेले तेव्हा माझी भाची सहा वर्षांची होती. सकाळपासून घर माणसांनी भरलेलं, दारात चपलांचा ढीग, आणि तिला सांगायला प्रत्येकाकडे वेगळं उत्तर. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आबा देवाघरी गेले गं." आत्या म्हणाली, "ते आता तारा झाले, रात्री गच्चीवरून दिसतील." माझा भाऊ फोनवर सगळ्यांना एकच वाक्य सांगत होता, "साडेपाचला वैकुंठात न्यायचंय." पुढे दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा कुणीतरी तिच्या कानाशी वाकून म्हणालं, "बघ हं, आता आबा येतील."

त्या रात्री ती माझ्याजवळ झोपली होती. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "मावशी, वैकुंठ तर नव्या पेठेत आहे. माझी बस तिथूनच जाते, मी बोर्ड वाचलाय. मग आबांना घरी का नाही आणत?"

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, वैकुंठ हे नव्या पेठेतल्या स्मशानभूमीचं नाव. भाचीने मात्र कीर्तनात ऐकलेलं वैकुंठ आणि बसच्या खिडकीतून दिसणारं वैकुंठ एकच धरलं होतं. तिच्या डोक्यात एकाच माणसाचे चार पत्ते जमा झाले होते, चारही प्रेमाने दिलेले, आणि एकाही पत्त्यावर आबा सापडत नव्हते.

मी पंधरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. तरी मला उत्तर देता आलं नाही. "झोप आता" म्हणाले आणि तिला थोपटत राहिले. त्याची रुखरुख लागली म्हणून पुढचे कित्येक महिने वाचत राहिले, जाणत्या लोकांना विचारत राहिले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे, कारण अशा वेळी घरातल्या मोठ्यांना वाचायला उसंत नसते. आधीच वाचलेलं असेल तर उपयोगी पडतं.

"लहान आहे, त्याला काय कळतंय?"

हे वाक्य प्रत्येक सुतकातल्या घरात ऐकू येतं. खरं तर मुलाला बरंच कळतं, फक्त सगळं एकदम कळत नाही. मृत्यू कळणं म्हणजे चार वेगळ्या गोष्टी कळणं. मेलेलं माणूस परत येत नाही, ही पहिली. त्याच्या शरीराचं सगळं काम थांबतं, म्हणजे त्याला भूक, थंडी, दुखणं काहीच नसतं, ही दुसरी. मृत्यू सगळ्यांनाच येतो, ही तिसरी. आणि त्यामागे शरीरातलं काही कारण असतं, कुणाच्या रागाने किंवा इच्छेने तो येत नाही, ही चौथी.

बहुतेक मुलांना या गोष्टी पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगू लागतात, काहींना त्याहून उशिरा. हंगेरीतल्या मानसशास्त्रज्ञ मारिया नॉज यांनी बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांना मृत्यूबद्दल बोलतं केलं आणि १९४८ मध्ये निष्कर्ष छापले. पाचाच्या आतल्या मुलांना मृत्यू म्हणजे झोप किंवा प्रवास वाटत होता. त्याहून मोठ्यांना तो धरून नेणारा कुणीतरी माणूस वाटत होता, ज्याच्यापासून चपळ माणूस निसटू शकेल. नऊच्या पुढे मात्र तो अटळ आहे, हे कळत होतं. तो धरून नेणारा माणूस पुढच्या संशोधकांना सगळीकडच्या मुलांत आढळला नाही. पण आपल्याकडच्या मुलांना रेड्यावर बसलेला यम आयताच मिळतो, त्यामुळे "दार लावलं की तो आत येणार नाही ना?" असं मूल विचारतं तेव्हा ते कुठून येतं, हे कळतं.

वय हे नुसतं मोजमाप आहे. गोठ्यात वासरू दगावलेलं पाहिलेलं गावातलं पाच वर्षांचं मूल शहरातल्या आठ वर्षांच्या मुलाच्या पुढे असू शकतं. चारपैकी कुठली गोष्ट अजून कळलेली नाही, हे मुलाच्या प्रश्नांतूनच दिसतं. पहिलीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "आजीला तिकडे स्वेटर दिलाय का?" आजी परत येणार नाही हे त्याला कळलं होतं. तिला आता थंडी वाजत नाही, हे कळायचं राहिलं होतं.

मग सांगायचं तरी काय?

शरीराचं सांगायचं, साध्या शब्दांत. मी भाचीला चौथ्या-पाचव्या दिवशीच सांगायला हवं होतं, ते शेवटी तेराव्यानंतर सांगितलं: "आबांचं हृदय धडधडायचं थांबलं. डॉक्टरांनी ते परत सुरू करायचा खूप प्रयत्न केला, झालं नाही. हृदय थांबलं की माणूस श्वास घेत नाही, बघत नाही, बोलत नाही, त्याला काही दुखतही नाही. याला मरणं म्हणतात. मेलेलं माणूस परत येत नाही."

ती म्हणाली, "कधीच?" मी म्हणाले, "कधीच." ती रडली. मीही रडले. मग तिने विचारलं, "शनिवारी पण नाही?" शनिवारी आबा तिला बागेत न्यायचे.

"मेले" हा शब्द आपल्या तोंडून निघत नाही. मोठ्या माणसाबद्दल तो उद्धट वाटतो, म्हणून आपल्याकडे वारले, गेले, निवर्तले, कैलासवासी झाले असे किती तरी शब्द आहेत. ते वापरायला हरकत नाही, पण एकदा तरी मुलाला फोड करून सांगा की वारले म्हणजे मेले आणि गेले म्हणजेही मेले. नाहीतर बाबा ऑफिसला गेले आणि आबा गेले, यांत मुलाला फरक कसा कळावा?

काही वाक्यं मात्र खरोखर टाळावीत. "झोपलेत" म्हटलं की मूल स्वतः झोपायला घाबरतं आणि आई डुलकी घेत असेल तर तिला हलवून उठवतं. "गावाला गेलेत" म्हटलं की ते वाट बघतं, आणि वर्षभराने वर्गातलंच एखादं पोर खरं काय ते सांगून टाकतं. मग मरणाच्या दुःखावर घरच्यांनी फसवल्याचं दुःख चढतं. "देवाला चांगली माणसं आवडतात" यातून मूल काय शिकेल, याचा विचार करून पाहा. "आजारी होते म्हणून" एवढंच सांगितलं तर पुढच्या सर्दीला ते भेदरतं. तिथे जोडून सांगावं लागतं की तो फार मोठा आजार होता, सर्दी-तापाने असं होत नाही.

हे सगळं एका बैठकीत होत नाही. मूल तोच प्रश्न वीस वेळा विचारेल. आपण चिडतो, पण ते पाढा घोकावा तसं घोकत असतं. दर वेळी उत्तर तेच येतंय ना, हे ते तपासत असतं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर ठरवून घेणं फार गरजेचं आहे.

पण आमची श्रद्धा आहे, त्याचं काय?

श्रद्धा सोडायला कुणी सांगत नाही. माझी आई आजही म्हणते की आबा विठोबाच्या पायाशी आहेत, आणि तिला त्याचा आधार आहे. अडचण क्रमाची आहे. शरीराचं काय झालं ते आधी सांगा, आणि आपल्या घरात आत्म्याबद्दल काय मानतात ते नंतर. "आबांचं शरीर थांबलं, ते आता नाही. आपण असं मानतो की त्यांचा आत्मा देवाजवळ आहे. तो दिसत नाही आणि तिथे जाता-येता येत नाही." पहिला भाग न सांगता दुसराच सांगितला, तर मूल रिक्षा करून वैकुंठात जायला निघतं.

"माझ्यामुळे झालं का?"

मुलं हा प्रश्न सहसा तोंडाने विचारत नाहीत, म्हणून तो सर्वांत धोक्याचा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाटतं की आपण मनात आणलं की ते घडतं. आबा शेवटचे काही महिने रात्रभर खोकायचे. भाची शेजारच्या खोलीत झोपायची. ते गेल्यावर तीन आठवड्यांनी, मी तिच्या वेण्या घालत असताना, आरशाकडे बघत ती म्हणाली, "मी बाप्पाला सांगितलं होतं की आबांचा खोकला बंद कर." तीन आठवडे त्या सहा वर्षांच्या जिवाने हे एकटीने वागवलं होतं. मी वेणी सोडून तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं की आबा हृदय थांबल्यामुळे वारले, तुझ्या मनातल्या कुठल्याच गोष्टीने तसं होत नाही, आणि खोकला थांबावा असं मलाही वाटायचं.

म्हणून मुलाने विचारायची वाट पाहू नका. "तुझ्या बोलण्याने, वागण्याने, मनात आणण्याने हे झालेलं नाही," हे आपणहून आणि पुन्हा पुन्हा सांगा. आणि कुणी पाहुणी "पोर जन्मली आणि बाप गेला, पांढऱ्या पायाची" असं म्हणत असेल, तर वय, नातं काही न बघता तिला तिथल्या तिथे थांबवा. ते वाक्य मूल जन्मभर विसरत नाही.

"रडत नाही, खेळतोय. त्याला काही वाटतच नाही का?"

मोठ्यांचं दुःख भरलेल्या नदीसारखं असतं, आत पडलं की बाहेर येववत नाही. मुलांचं पावसातल्या डबक्यांसारखं. मूल एका डबक्यात पाय घालतं, रडतं, बाहेर येऊन खेळतं, पुढे अचानक दुसऱ्या डबक्यात पडतं. त्याच्या मनाला इतकं वजन सलग पेलवत नाही, म्हणून ते मध्येमध्ये खाली ठेवतं. मोठ्या माणसांनाही हेच लागतं. नेदरलंडमधले संशोधक मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकातलं माणूस गेलेल्या माणसाकडे आणि पुढच्या रोजच्या जगण्याकडे आलटून पालटून जात असतं, आणि हे येणं-जाणंच त्याला सावरतं.

"आबा गेले आणि ही कार्टून बघतेय" असं कुणी म्हणालं की मूल आनंदाचीही लाज बाळगू लागतं. कार्टून बघू द्या. बाहुलीला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून तिच्या तोंडात तुळशीचं पान ठेवण्याचा खेळ खेळत असेल तर तोही खेळू द्या, अंगावर काटा आला तरी.

दुःख डोळ्यांतून आलं नाही तर शरीरातून येतं. रोज शाळेच्या वेळी पोट दुखतं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, मूल आईचा पदर सोडत नाही, बाथरूमच्या दाराशी उभं राहतं. एक माणूस नाहीसं झालं, आता दुसरं तर होणार नाही ना, ही ती भीती असते. तेरा-चौदा वर्षांचं मूल याउलट खोलीचं दार लावून बसतं, तुसडं बोलतं, मित्रांत जास्त राहतं. त्याला समोर बसवून "बोल ना रे" म्हणण्यापेक्षा स्कूटरवर मागे बसवून कुठेतरी न्यावं. नजरेला नजर नसली की या वयात जास्त बोललं जातं.

दर्शनाला, स्मशानात न्यावं का?

यावर घराघरांत वाद होतात. पूर्वी मुलांना सरसकट शेजारी पाठवून द्यायचे, आणि ती संध्याकाळी परत यायची तेव्हा कॉट रिकामी, गादी उचललेली आणि फोटोला हार. मधलं काहीच त्यांना दिसायचं नाही. निरोप घेता न आल्याची सल पन्नाशीच्या माणसांच्या बोलण्यातही मी ऐकली आहे.

आता बहुतेक जाणकार सांगतात की मुलाला विचारा, पण विचारण्याआधी तिथे काय दिसेल ते सांगा. "आबांना खाली ठेवलंय, नाकात कापूस आहे, अंगाला हात लावलास तर गार लागेल. खूप जण रडत असतील. तुला यायचंय का? आलीस आणि मध्येच परत यावंसं वाटलं तर लगेच येऊ." दहनाबद्दल सांगताना चारातली दुसरी गोष्ट आधी पक्की करा, की शरीराला आता काहीच लागत नाही, चटकाही नाही. नाहीतर आबांना जाळलं, एवढंच डोक्यात राहतं. मुलाने नाही म्हटलं तर आग्रह नको. आणि नेलंत तर फक्त त्याच्यासाठी एक माणूस ठेवा, जो स्वतः विधीत अडकलेला नसेल.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो वडील गेलेले असतात आणि मुलगा आठ-दहा वर्षांचा असतो तेव्हा. अग्नी त्याने द्यायचा म्हणून खांद्यावर मडकं देऊन त्याला फेऱ्या घालायला लावतात. "मी बाबांसाठी शेवटचं काहीतरी केलं" असं पुढे अभिमानाने सांगणारे असतात. पण न सांगता, न विचारता, धक्क्यात असलेल्या मुलाला पुढे ढकलणं मला क्रूर वाटतं. काका किंवा मामा हात लावून सोबत करू शकतात, काही घरांत मुली करतात, आणि समजावून सांगितलं तर गुरुजीही वाट काढतात.

आणखी एक गोष्ट मुलांच्या बाजूने क्वचितच बघितली जाते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. पतीच्या मृत्यूनंतर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सुचवलं. चर्चा झाली ती बाईच्या मानाची, आणि ती योग्यच होती. पण त्या वेळी दारात उभं असलेलं पोर आठवून पाहा. सकाळी बाप गेला आणि संध्याकाळी चार बायका आईचे हात धरून बांगड्या फोडताहेत. मुलाला त्यात रीत दिसत नाही, आईला मारताहेत एवढंच दिसतं. ज्या एका माणसाला घट्ट धरून उभं राहायचं तेच डोळ्यांसमोर मोडलं जातं. आपल्या गावात असा ठराव झाला नसेल तर निदान घरात करावा.

"आता तूच घरचा कर्ता"

बारा वर्षांच्या मुलाला हे सांगू नका. मुलीला "आता आईला तूच सांभाळ" हेही नको. मूल ते शब्दशः घेतं आणि रडणंच बंद करतं. शाळेत अशी मुलं मला चटकन ओळखू येतात. ती एकाएकी फार शहाणी झालेली असतात आणि सगळे त्यांचं कौतुक करत असतात.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात म्हणे?

नकार, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार ही यादी एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडली, ती स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ती मूळची नाही, मुलांसाठी तर नाहीच. आपलं मूल कुठल्या पायरीवर आहे, हे शोधत बसू नये.

किती दिवस चालतं हे?

आपण समजतो त्याहून खूप जास्त. अमेरिकेत विल्यम वॉर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी ७० कुटुंबांतल्या, आई किंवा वडील गमावलेल्या १२५ मुलांचा दोन वर्षं माग ठेवला. बहुतेक मुलं सावरली. मात्र काहींचा त्रास पहिल्या वर्षी फारसा दिसलाच नाही, तो दुसऱ्या वर्षी वर आला. आपल्याकडे वर्षश्राद्ध झालं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, नेमकं तेव्हाच लक्ष ठेवायला हवं. याच अभ्यासात दिसलं की मुलाचं सावरणं फार करून मागे राहिलेल्या पालकाच्या सावरण्यावर अवलंबून असतं. म्हणून मावश्या-काकांनी मुलाला खाऊ आणण्याइतकंच त्याच्या आईला रात्रीची झोप कशी मिळेल, हे बघावं.

पैशाचा घोरही त्यातच येतो. महाराष्ट्र सरकारच्या बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलांनाही दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं की एप्रिल २०२० पासून देशात सुमारे १ लाख ४७ हजार मुलांनी कोविडने किंवा अन्य कारणाने एक किंवा दोन्ही पालक गमावले. महाराष्ट्रातली संख्या १९ हजारांवर होती. ही मुलं आज शाळा-कॉलेजांत आहेत. सहकारी शिक्षकांना माझी विनंती आहे की "बाबांची सही आणा" म्हणण्याआधी हजेरीपट पाहावा, आणि "माझे बाबा" हा निबंध देताना दुसरा विषयही द्यावा.

तज्ज्ञाकडे कधी जावं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता लांबलेला शोक असं वेगळं निदान आहे. सहा महिने उलटल्यावरही दुःखाची धार तशीच असेल, खाणं, झोप, शाळा, मैत्री काहीच रुळावर येत नसेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. आणि "मला आबांकडे जायचंय" असं मूल म्हणालं, तर त्याच दिवशी शांतपणे विचारावं, म्हणजे काय करायचंय? बहुतेक वेळा नुसतं भेटायचं असतं. पण मरायचं किंवा स्वतःला इजा करायची भाषा असेल, तर त्याला एकटं ठेवू नये, तातडीने मदत घ्यावी. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८.

घरातलं माणूस आत्महत्येने गेलं असेल तर "अपघात झाला" असं सांगावंसं वाटतं. पण कुजबुज मुलापर्यंत पोचतेच. "काकाच्या मनाला फार मोठा आजार झाला होता. त्यात त्याने स्वतःचा जीव घेतला. आपल्यापैकी कुणामुळे हे झालं नाही," इतकं खरं सांगता येतं. कसं केलं, ते तपशील नकोत.

विसरायला मदत करायची की आठवायला?

आठवायला. फोटो आत ठेवून देणं, नाव न काढणं यातून मुलाला वाटतं की हा विषय काढला तर आई रडेल, म्हणून तेही गप्प होतं. आईने मुलासमोर रडावं, आणि "आबांची आठवण आली म्हणून रडतेय, थोड्या वेळाने बरं वाटेल" असं सांगावं. आपल्याकडे तर पितृपक्षाची सोय आहे, वर्षातून एकदा गेलेल्या माणसाच्या आवडीचं जेवण करायचं आणि त्याच्याबद्दल बोलायचं.

आबांना पहिलं वर्ष झाल्यावर आलेल्या सर्वपित्रीला आईने खीर, वडे, आमसुलाची चटणी सगळं रीतसर केलं. भाची म्हणाली, "आबांना पारले-जी आवडायचं, चहात बुडवून." आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पानावर दोन बिस्किटं ठेवली. ते पान गच्चीवर ठेवून आम्ही जिन्याच्या दाराशी थांबलो. एक कावळा आला, वडा सोडून त्याने बिस्किटच उचललं.

"मावशी, ते आबा नाहीत ना?"

"नाहीत. तो कावळा आहे."

ती जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आबांना सांगायला पाहिजे होतं. खूप हसले असते."